सातव्याचं उत्तर

विश्वेश्वर सरांनी वर्गाचं दार लोटून घेतलं आणि भराभर फळ्यावर उत्तरं लिहायला घेतली. एका स्वयंसेवी संस्थेच्या अंजली मॅडम तासभर एचआयव्हीबद्दल बोलून, प्रश्नांचे फॉर्म वाटून मुख्याध्यापकांकडे कॉफीला गेल्या होत्या. मागच्या वर्षीच्या नववीने या फॉर्मात शाळेचं नाक कापलं होतं म्हणे.

"कोणी शहाणपणा करायचा नाही," सर म्हणाले. "फळ्यावर आहे तेच लिहायचं."

भार्गवीचा जीव शेजारी बसलेल्या सुखदाच्या फॉर्मवरच्या सातव्या प्रश्नात अडकला होता. एचआयव्ही असलेल्या मैत्रिणीच्या डब्यातलं तुम्ही खाल का? फॉर्म हातात पडला तेव्हाच तिने ठरवलं होतं, सुखदाने 'हो' लिहिलं तर आज तिला सांगून टाकायचं. जन्मापासूनचं दुखणं, रोज रात्री नऊची गोळी, व्हिटॅमिनच्या बाटलीत लपवलेल्या गोळ्या, सगळं.

वर्गात मराठी बोलणाऱ्या या दोघीच. भार्गवीचं घर पिढ्यान्‌पिढ्या इथे बंगळुरातल्या बसवनगुडीत, सुखदा दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेली. भर वर्गात मोठ्याने गुपितं सांगितली तरी कोणाला पत्ता लागत नसे. हे एक मात्र आईने शपथ घालून बंद केलेलं, आणि त्या लपवाछपवीचा भार्गवीला आता वीट आला होता.

सरांनी लिहिलं, सात – हो. सुखदाने मान वर करून पाहिलं आणि उतरवून घेतलं. भार्गवीला सरांचा असा राग आला की पेनाने कागद फाटला.

अंजली मॅडमनी परत येऊन फॉर्म चाळले. त्यांचा चेहरा खुलला.

"एका डब्यात जेवल्याने काही होत नाही, हे सगळ्यांना पटलं तर!"

टाळ्या झाल्या. भार्गवीनेही वाजवल्या.

मधल्या सुट्टीत तिने डबा उघडला. सुखदाने नेहमीप्रमाणे न विचारताच तांदळाच्या अक्की रोटीचा तुकडा मोडला.

"स्वल्प थांब गं. सरांनी लिहिलं नसतं, तर सातव्याला तू काय लिहिलं असतंस?"

"ऑब्व्हियसली नाही!" सुखदाने तुकडा चटणीत बुडवला. "त्या म्हणतात ते करेक्ट असेल यार, पण अ‍ॅक्च्युअली कोण खाणार? छी!"

तिने घास तोंडात टाकला. भार्गवीने डब्याची कड घट्ट धरली. डबा ओढून घ्यावा तर ती कारण विचारणार, आणि पुढे ठेवावा तर तिला फसवल्यासारखं होणार.

"तू का नाही खात?"

"भूक नाही."

"मग संपवू मी?"

भार्गवीच्या हाताची पकड सुटली. तिने डबा हळूच सुखदाकडे सरकवला.

शेवटच्या तुकड्याने सुखदाने चटणी पुसून घेतली. "मस्त होती! उद्या पण हेच आण हं."

"सरी, आणते," भार्गवी म्हणाली आणि रिकाम्या डब्याला झाकण लावू लागली.