विट्याचं रक्त, कुंडलचा मेंदू

विश्वजीत या नातवाचं नाक भाऊसोंनी बारशालाच आपल्या नावावर करून घेतलं. पुढं रंग, कपाळ, मुठीची पकड, सगळं एकेक करत त्यांच्या गावच्या, विट्याच्या खात्यावर जमा झालं. कुंडलच्या, म्हणजे सून रेश्माच्या माहेरच्या वाट्याला उरलं फक्त रात्रीचं रडणं. पोरगं दोन वर्षांचं होत आलं तरी बोलेना, तेव्हा भाऊसोंनी त्यात आणखी एका रकमेची भर घातली.

"मेंदू कुंडलचा आलाय."

भाऊसोंनी मदुराईत तीस वर्षं गलाई केली होती. जुने दागिने वितळवून त्यातनं चोख सोनं काढायचं. त्यामुळं चोख काय आणि भेसळ कशात, यावर त्यांचं मत शेवटचं. दुकान आता मुलगा धैर्यशील बघायचा. दिवाळीनंतर रेश्मा लेकराला घेऊन तिकडं नवऱ्याकडं जाणार होती.

"तू जा," सासरे म्हणाले. "पोरगं बोलाय लागल्याबिगर हितनं हलायचं न्हाई."

त्यानं बोलावं म्हणून वर्षभरापासून बंदोबस्तही कडक ठेवला होता. मेंदूची बांधणी पहिल्या दोन-तीन वर्षांतच होते, असं भाऊसोंनी कुठंतरी ऐकलं. त्या बांधणीत गावठी भेसळ नको, म्हणून इंग्रजी गाण्यांचा टॅबलेट आणला आणि हुकूम काढला: पोरापुढं आपली भाषा कुणी बोलायची नाही. इंग्रजी घरात कुणालाच येत नव्हतं. त्यामुळं पोरगं आलं की सगळी गप्प. आजी धोंडुबाईची हाक एरवी चार गल्ल्या ओलांडायची. ती नातवाला खुणा करून भरवू लागली. रेश्मा अंघोळ घालताना 'वॉटर' म्हणायची, आणि तिचा साठा तिथंच संपायचा.

रेश्माची आई मनुबाई कुंडलहून आली ती उंबऱ्यातच थबकली.

"आवं पावणं, कोण गेलं म्हणायचं?"

"कोण न्हाई. पोराचा मेंदू बांधाय लागलोय. तुमच्याकडचा, म्हणून कच्चा निघाला. आमच्यात सगळी नवव्या महिन्यात बोलत्यात."

"आन् मग थांबत न्हाईत, ते दिसतंय."

शेवटी कराडला नेलं. डॉक्टरीणबाईंनी पोराचे कान तपासले, त्याला खेळवून बघितलं. ऐकू चोख येत होतं. तोवर भाऊसोंनी, आपण तमीळ कसं फाडफाड बोलतो आणि भाषा कशी आमच्या रक्तातच आहे, हे सांगून घेतलं.

"घरी याच्याशी बोलतं कोण?" बाईंनी विचारलं.

रेश्मानं सासऱ्यांकडं पाहिलं. सासऱ्यांनी भिंतीवरच्या तक्त्याकडं.

"टॅबलेट हाय की. भारीतला."

"हा 'आं' म्हणाला, तर टॅबलेट काय म्हणतो?"

"त्यो कशाला काय म्हणंल?"

"बरं, तुम्ही तमीळचा कुठला क्लास लावला होता?"

"क्लास कशाचा! बाजारात माणसं बोलायची. मी चुकायचो, ती हसायची. आलं."

"मग यालाही तेवढा बाजार मिळू द्या. जन्मताना तो शिकायची तयारी घेऊन आलाय. पण शब्द समोरच्या माणसानं द्यायचे असतात, आणि त्याच्या 'आं'ला उत्तरही. तुमच्याच भाषेत बोला. तीन महिन्यांनी परत दाखवा."

रेश्मानं कराडला तोंड उघडलं ते विटा येईतोवर मिटलं नाही. "त्यो बघ ट्रॅक्टर! ऊस चाललाय. ड्रायव्हर लय आगाव हाय, व्हय का न्हाई रं?" भाऊसो दोनदा खाकरले आणि मग खिडकीबाहेर बघत बसले. घरी धोंडुबाईनं तर वर्षभराचं तुंबलेलं बोलणं एका दुपारी मोकळं केलं. चौथ्या गल्लीतली माणसंही चौकशीला आली.

दिवाळी झाली. रेश्मानं पिशवी भरली, पण पोराचे कपडे वेगळे ठेवले. पोरगं बोलल्याशिवाय हलायचं नाही, हा हुकूम तसाच होता. भाऊसोंनी नातवाला मांडीवर घेतलं आणि मायेनं विचारलं,

"आज्याजवळ ऱ्हातोस न्हवं? आपला टॅबलेट हाय, सगळं हाय."

पोरानं त्यांची मिशी धरली.

"न्हाई."

हा त्याचा पहिला शब्द. त्यानं मिशी ओढून पुन्हा सांगितलं, "न्हाई!"

भाऊसोंचा चेहरा क्षणभर उतरला, मग फुलला. "बघितलंसा? कसा तोंडावर नकार दिला! ह्यो मेंदू विट्याचा."

"व्हय मामा," रेश्मा सासऱ्यांना म्हणाली, आणि तिनं पोराचे कपडे उचलून पिशवीत भरले.