मंगळवारचा काळा झगा

मित्रांनो, मी आज काळा दिसतो, पण जन्माने काळा नाही. मी बीव्हर हॉलो गावच्या न्यायाधीशाचा लोकरी झगा. त्याआधी मी चर्चच्या गायकांच्या अंगावर असायचो आणि तेव्हा माझा रंग डाळिंबी होता.

आमच्याकडे न्यायाधीश गावच मतं देऊन निवडतं. हारलन व्हॉसबर्ग पहिल्यांदा त्या जागेवर निवडून आला, तेव्हा दुधाचा टँकर चालवणाऱ्याला कसला आलाय झगा, असं म्हणून पंचांनी हात वर केले. मग त्याच्या बायकोने, लॉर्नाने, मला चर्चमधून मागून आणलं आणि मोठ्या पातेल्यात काळ्या रंगात बुडवलं. काखेत डाळिंबी रंग राहिलाच. दरवर्षी बर्फ पडायच्या आधी ती मला पुन्हा रंगवायची आणि दरवर्षी तो हट्टी रंग पुन्हा डोकं वर काढायचा.

आमचं कोर्ट भरायचं मंगळवारी संध्याकाळी, रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या गाड्यांच्या शेडमध्ये, बाजूच्या खोलीत. माझी खुंटी चालकांच्या कोटांच्या मधोमध. कुंपणाची भांडणं, भटकी कुत्री, भरधाव गाड्या असेच खटले असायचे. हारलन कायदा शिकलेला नव्हता, पण समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा. म्हणून गावाने त्याला पुन्हा पुन्हा निवडून दिलं. पोट भरलं की झोप येते, म्हणून तो उपाशीच कोर्टात बसायचा. घरी आला की लॉर्ना मला त्याच्या खांद्यावरून उतरवायची आणि विचारायची, "जेवायला वाढू?" माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस होते.

एका डिसेंबरात ड्वेन पेल्टियर दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला. ड्वेन म्हणजे बर्फाची गाडी चालवणारा, सगळ्या गावाचा लाडका. त्या मंगळवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती.

"जज्जसाहेब, याचा परवाना काढून घेतलात तर रस्ते कोण मोकळे करणार?" मागून एक म्हातारा ओरडला. "तुम्ही? दुधाच्या टँकरने?"

लोक हसले. हारलनने परवाना काढून घेतला. ड्वेन मान खाली घालून म्हणाला, "बरोबर आहे. तुमच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं."

फेब्रुवारीत मोठं वादळ आलं. त्याच रात्री लॉर्नाच्या छातीत दुखायला लागलं. बर्फाच्या गाडीवर बाहेरगावचा नवखा चालक होता. टेकडीवरचं वळण त्याला ठाऊक नव्हतं, तो रस्ता तसाच राहिला आणि रुग्णवाहिका तिथेच अडकली. लॉर्नाने घरातच प्राण सोडला.

पुढच्या मंगळवारी हारलनने मला अंगात चढवलं. मला वाटलं, आत काहीतरी हलेल, थरथरेल. काहीच नाही. छाती घड्याळासारखी ठोके देत होती, एवढंच. लोक म्हणायचे, "जज्जसाहेब, फार वाईट झालं," आणि लगेच आपलं कुंपण पुढे करायचे. त्याच्या निकालानेच त्याची बायको गेली, असं कुजबुजायचेही. हारलन ऐकायचा, निकाल द्यायचा, घरी जायचा. खुर्चीवर मला टाकून दिवा मालवायचा. चूल थंड असायची. हळूहळू मलाही काही वाटेनासं झालं. त्या वर्षी मला कोणी रंगवलं नाही. डाळिंबी रंग काखेतून छातीवर आला.

निवडणूक लागली आणि उभा राहिला कोण, तर ड्वेन! "गाडी चालवता येत नाही, मग बसून करायचं काम बघतो," असं सांगत तो सायकलवरून दारोदार फिरला. दारू त्याने सोडली होती. आमच्याकडे न्यायाधीशपदाच्या उमेदवाराला निकालाचं वचन देता येत नाही, म्हणून रस्त्याकडेच्या पाट्यांवर नुसतं नाव असतं. हारलनच्या पाट्या गोठ्यातच पडून होत्या.

कोर्टातल्या कारकून बाईंनी विचारलं, "हारलन, हे काम हवंय ना तुम्हाला?"

"मंगळवार गेला, तर मी उठू कशासाठी?" तो म्हणाला. तरीही पाट्या बाहेर काढायला गेला नाही.

शेवटी ड्वेनच गोठ्यात शिरला आणि हारलनच्या पाट्या स्वतःच्या पाट्यांशेजारी ठोकून आला. "एकट्याने शर्यत धावायला काय मजा?" म्हणाला. आणि निवडून आला.

जुन्याने नव्याच्या अंगावर झगा घालायचा, ही आमची रीत. त्यासाठी हारलनने लॉर्नाचं पातेलं काढलं आणि मला स्वतः रंगवलं. ती कोमट पाणी घ्यायची. त्याने मला खळखळ उकळलं. मी आटलो. ड्वेनच्या अंगावर माझ्या बाह्या कोपरापर्यंतच आल्या.

"नवा मागवू या," कारकून बाई म्हणाल्या.

"राहू दे. हाच," ड्वेन म्हणाला.

पहिल्या मंगळवारी हारलन सवयीने आला आणि मागच्या बाकावर बसला. ड्वेनचं काळीज माझ्या आत धडधडत होतं. असा आवाज मी विसरूनच गेलो होतो. कुंपणाचं भांडण घेऊन आलेले दोघे शेजारी उभे राहिले. ड्वेनला पहिला खटला पुकारायचा होता. त्याने मागच्या बाकाकडे पाहिलं.

"हारलन, जेवलात का?"

हारलनने हो म्हणायला तोंड उघडलं.

"नाही," तो म्हणाला. "लॉर्ना गेल्यापासून हे कोणी विचारलंच नाही." आणि त्याने दोन्ही हातांत तोंड लपवलं.

"कोर्ट अर्धा तास थांबेल," ड्वेन म्हणाला. कारकून बाईंनी आपला डबा उघडला. कुंपणवाल्यांनीही खिशातले सँडविच काढले आणि एकाच बाकावर बसले.

मित्रांनो, लोकरीचा झगा उकळत्या पाण्यात घालू नका. आणि मोठ्या खुर्चीतल्या माणसाला मान द्याच, पण तो जेवला की नाही, तेही विचारा. मी इतके महिने त्याच्या छातीला लागून होतो. मला तोंड असतं, तर पहिल्याच मंगळवारी विचारलं असतं.