अर्ध्या मापाचा झगा

पोरगी आली ती सात आठवडे आधी. बापाने तिला दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत पहिल्यांदा पाहिलं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक, बोलण्यात भारी कंजूस. बराच वेळ काचेला नाक लावून उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "पावशेर आहे गं."

तेच नाव चिकटलं. खरं नाव बाप्तिस्म्याच्या दिवशी ठेवायचं होतं, पण तोवर घरात, शेजारात, दवाखान्यातल्या नर्सच्या तोंडीसुद्धा ती पावशेरच झाली.

तीन आठवडे आईला पावशेरला धड कुशीत घेता आलं नाही. पेटीला एक गोल भोक होतं, त्यातून हातमोजा घातलेला हात आत घालायचा आणि दोन बोटांनी पाठ थोपटायची, बस्स. घरी आणल्यावर तरी लेक आपल्या हातात येईल असं तिला वाटलं होतं. पण तिथे सासूबाईंचे हात तयार होते, जाऊबाईंचे हात तयार होते, आणि दोघींचे हात मुरलेले. सासूबाईंनी चार पोरं वाढवलेली, जाऊबाईंचा एकुलता एक जन्मताच चार किलोचा. आंघोळ सासूबाई घालणार, ढेकर जाऊबाई काढणार. "तू पड जरा, तुला काय कळतंय त्यातलं," असं प्रेमानेच म्हणायच्या. आई पडायची नाही. दाराच्या चौकटीला टेकून बघत राहायची. पाणी जास्त गरम आहे का, मान धरलीय का, टॉवेलचा दोरा बोटात अडकला तर?

"ही बघ, उभीच आहे पहाऱ्यावर," जाऊबाई हसायच्या. "शास्त्रज्ञ बाई, बाळ आहे ते, प्रयोग नव्हे."

रसायनशास्त्रात पहिल्या वर्गात पास झालेल्या बाईला हे ऐकून घ्यावं लागत होतं, कारण प्रयोगशाळेत ती कधी घाबरली नव्हती आणि इथे रोज घाबरत होती.

बाप्तिस्मा रविवारी ठरला. त्याच्या आठ दिवस आधी, शनिवारी, जाऊबाई एक मोठा खोका घेऊन आल्या आणि तो पलंगावर असा ठेवला, की जणू आत राजमुकुट आहे.

"घे. आमच्या बाळराजांचा झगा. दुकानातून घेतलेला, साधासुधा नाही. परत देताना तेवढा ड्रायक्लीन करून दे."

झगा खरंच देखणा होता. सॅटिन, वर जाळी, जाळीवर लेस, लेसवर मोती. पावशेरला त्यात घातलं आणि पावशेर नाहीशीच झाली. गळ्यातून सरकून ती पार पोटापर्यंत खाली गेली आणि वर नुसती लेस उरली.

"अगंबाई, पोर गेलं कुठे?" सासूबाई म्हणाल्या.

"मागून चार टाचण्या मारू," जाऊबाई म्हणाल्या. "फोटोत कुठे दिसतंय?"

टाचण्या! आईने झगा काढला, तर पावशेरच्या मानेवर जाळीचा लाल लाल छापा उमटलेला. तेव्हा तिच्या तोंडून शब्द निघून गेले, "नको. तिचा झगा मी बघते."

लग्नानंतर पहिल्यांदाच तिने 'मी बघते' असं म्हटलं होतं.

"बघ हो," जाऊबाई म्हणाल्या. "आठ दिवस आहेत. नाही जमलं तर खोका इथेच आहे."

आता बोलून बसली म्हटल्यावर निस्तरणं आलं. सोमवारी ती तीन दुकानं फिरली. पहिल्या दुकानातल्या झग्यावर जी किंमत होती तेवढ्यात पावशेरच्या दुधाच्या पावडरीचे दोन महिने निघाले असते. दुसऱ्यात स्वस्त होते, पण तिने एक झगा उलटा करून शिवण तपासली, एक मोती जरासा ओढून पाहिला आणि तो अलगद हातात आला. तिला तो मोती थेट पावशेरच्या घशातच दिसला. तिसऱ्यातला दुकानदार म्हणाला, "ताई, शून्य ते तीन महिने, याहून लहान माप येतच नाही. घ्या, पोरं काय, बघता बघता वाढतात."

"रविवारपर्यंत?" तिने विचारलं.

दुकानदाराने दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे तोंड वळवलं.

शेवटी ती कटपीसच्या दुकानात शिरली. तिथे ढिगाच्या तळाशी तिला पांढऱ्या सुती कापडाचा सव्वा मीटरचा तुकडा सापडला. तिने तो गालाला लावला, मनगटाच्या आतल्या बाजूला घासला, नाकाशी धरला. दुकानातली मुलगी म्हणाली, "खाऊनही बघा." किंमत एवढी कमी होती की तिने घासाघीसच केली नाही. घरी आणून तिने कापड तीनदा उकळत्या पाण्यात धुतलं. आटायचं तेवढं आटलं, खळ गेली आणि साईसारखं मऊ झालं.

कोपऱ्यावर एका टेलरबाईंचं दुकान होतं. नवरीचे झगे शिवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मंगळवारी आईने दवाखान्यातून मिळालेली कागदी टेप काढली, पावशेर झोपलेली असताना तिचं माप घेतलं आणि चिठ्ठी लिहिली: 'बाप्तिस्म्यासाठी पांढरा झगा, मुलीचा. लहान बाह्या. छाती २९, उंची ४६. शनिवारी हवा.' चिठ्ठी कापडाला टाचली आणि नवऱ्याच्या हातात दिली.

नवरा पोचला तेव्हा टेलरबाई जेवायला गेल्या होत्या. शटर अर्धवट ओढलेलं. त्याने पुडकं शटरखालून आत सरकवलं आणि कामावर गेला. दुसरा कुणी असता तर संध्याकाळी परत जाऊन दोन शब्द बोलला असता. पण आपण पाहिलंच, हा माणूस शब्दांच्या बाबतीत कंजूस.

शनिवारी सकाळी आईने पावशेरला छातीशी ओढणीत बांधलं. जाऊबाई म्हणाल्या, "चल, मीही येते. बघू तरी कटपीसचा थाट." आणि येताना खोका काखेत मारायला विसरल्या नाहीत.

टेलरबाईंचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला दोन मशिनं, दुसरीला टांगलेले अर्धवट झगे, जमिनीवर चिंध्यांचा बर्फ. टेलरबाई जाड भिंगाच्या चष्म्यातून बघत म्हणाल्या, "शनिवारचा बाप्तिस्म्याचा झगा ना? या, या. तुमचीच वाट बघत होते. नमुना तयार आहे, पण मोठ्या झग्याचं कापड कुठाय? आणि एवढ्या उशिरा आलात तर आजच्या आज कसा देऊ हो मी?"

"मोठ्या झग्याचं?" आईला काही कळेना.

"मग! सव्वा मीटरमध्ये काय होतंय? मी म्हटलं, शहाण्या दिसतात, आधी नमुन्यापुरतं कापड पाठवलंय. माझी पद्धतच आहे, मोठं कापड कापायच्या आधी अर्ध्या मापाचा नमुना शिवते. कापड वाया जात नाही आणि मुलीलाही कळतं काय मिळणार ते. बरं, मुलगी कुठाय? बारीक दिसते मापावरून. तेरा-चौदाची असेल?"

आईने ओढणी बाजूला केली. आतून पावशेरने एक डोळा उघडला.

टेलरबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हिची छाती एकोणतीस?"

"सेंटीमीटर," आई म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही.

"अहो, चिठ्ठीवर लिहायचंत ना! टेलरला उघडा आकडा दिला की इंचच असतो!"

जाऊबाईंनी आधी तोंडावर हात धरला, मग हात सोडूनच दिला आणि तिथल्या स्टुलावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं शास्त्रज्ञ बाई! शेहेचाळीस इंच! आपण तिघी मावलो असतो की त्यात!"

प्रयोगवहीत आकड्यापुढे एकक लिहायचं राहिलं तर सर अर्धा मार्क कापायचे. चार वर्षांत तिचा तो अर्धा मार्क एकदाही गेला नव्हता. आणि आता, पाच आठवड्यांच्या अपुऱ्या झोपेतून लिहिलेल्या दोन ओळींत... तिचे कान तापले. उद्या पावशेर त्या जाळीत जाणार, मागे टाचण्या लागणार, आणि यापुढे दहा वर्षं, शाळेचा गणवेश घ्यायचा झाला तरी, कुणी ना कुणी म्हणणार, तू राहू दे, इंच कळत नाहीत तुला.

"जाऊ दे गं," जाऊबाई डोळे पुसत म्हणाल्या, खोक्याची दोरी सोडत. "होतं असं. मी आणलाय ना."

आईने मान खाली घातली नाही, ती केवळ सवयीमुळे. पहाऱ्यावरच्या माणसाची नजर फिरतच राहते. ती फिरत फिरत मशिनामागच्या फळीवर गेली. तिथे लाकडी पायावर कमरेएवढ्या उंचीचा, अर्ध्या मापाचा पुतळा होता आणि पुतळ्यावर तिचं कापड. साधा गोल गळा, चार बोटांच्या फुगीर बाह्या, कमरेला बारीक चुण्या आणि खाली नुसता पांढरा घेर. लेस नाही, मोती नाही. पाठीवर त्याच कापडाने मढवलेली हरभऱ्याएवढी दहा बटणं.

तिने पर्समधून कागदी टेप काढली.

"काय करतेयस?" जाऊबाईंनी विचारलं.

एकोणतीसचं अर्धं साडेचौदा. साडेचौदा इंच म्हणजे... तिने झग्याच्या छातीभोवती टेप फिरवली. सदतीस सेंटीमीटरला जरासं कमी. पावशेरची छाती एकोणतीस, म्हणजे श्वासाला, रडायला, आत एक बनियन घालायला आठ सेंटीमीटर मोकळे. उंची अठ्ठावन्न. पावशेर डोक्यापासून शेहेचाळीसची आणि झगा सुरू होणार खांद्यापासून, म्हणजे पायाखाली वीतभर घेर लोंबणार, जसा बाप्तिस्म्याच्या झग्याचा लोंबायला हवा तसा.

"टेलरबाई," ती म्हणाली, आणि आता आवाज सगळ्यांना ऐकू आला, "मोठा झगा नकोच. हाच झगा हवाय."

"अहो, तो नमुना आहे!"

"नमुना नव्हे. हा हिचाच आहे."

टेलरबाईंनी पुतळ्यावरून झगा उतरवला आणि बाळासाठी हात पुढे केले. जाऊबाईंनीही केले. आई म्हणाली, "थांबा." तिने झगा उलटा केला, खिडकीपाशी नेला आणि एकेक शिवण चिमटीतून सरकवत निघाली. गळा, खांदे, बाह्या.

"घ्या, झाला पहारा सुरू," जाऊबाई म्हणाल्या.

कमरेच्या चुण्यांपाशी तिची बोटं थांबली. तिने दोन बोटांनी एक टाचणी ओढून काढली आणि टेबलावर ठेवली. बिनडोक्याची, बारीक, उजेडाशिवाय दिसलीही नसती.

टेलरबाईंनी टाचणीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. "तीस वर्षांत," त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या हातून कधी राहिली नव्हती."

"नमुन्यात राहते. त्यात कुणाला जिवंत माणूस घालायचा असतो?" आई म्हणाली. अर्धा मार्क तिचा गेला होता, अर्धा त्यांचा. हिशेब मिटला.

जाऊबाईंनी खोक्याची सोडलेली दोरी परत बांधली, तीही पक्की गाठ मारून.

मग आईने स्वतःच्या हातांनी पावशेरला टेबलावर निजवलं, मानेखाली तळवा धरला, एक हात बाहीत घातला, दुसरा घातला, पालथी करून दहाच्या दहा बटणं लावली. पावशेर झग्यात हरवली नाही. उलट पहिल्यांदाच नीट दिसली: हनुवटी, खांदे, कोपरं, सगळं आपापल्या जागी असलेलं एक अख्खं माणूस.

"किती द्यायचे?" आईने विचारलं.

"नमुन्याचे पैसे मी घेत नसते," टेलरबाई म्हणाल्या. "बटणांचे द्या. आणि एक फोटो द्या, काचेत लावीन."

रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर सगळे बसले होते. पाळक पाण्यापाशी उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "बाळाला कोण आणतंय?" सवयीने सासूबाई उठल्या, त्यांचे हातही पुढे झाले. पण जाऊबाईंनी त्यांचा पदर धरून हलकेच खाली ओढला. "बसा आई. तिचं ती बघते."

आई उठली. मधल्या वाटेने पावशेरला घेऊन चालली तेव्हा पांढरा घेर तिच्या कोपरावरून खाली सुटला होता आणि दर पावलाला हलत होता. मागच्या बाकावर कुणीतरी "कुठून घेतला गं?" म्हणालं, ते तिने ऐकलं आणि पाठ आणखी ताठ केली. कपाळावर पाणी पडलं, पाळकांनी नाव उच्चारलं, आणि पावशेरने असा काही टाहो फोडला की वरच्या काचा झणझणल्या. एकही बटण तुटलं नाही. आठ सेंटीमीटर होते ना मोकळे.

बाप, शब्दांचा कंजूस, शेजाऱ्याला म्हणाला, "माझ्या आहेत. दोघीही."

बाहेर पायऱ्यांवर फोटो निघत असताना जाऊबाई जवळ सरकल्या. त्यांच्या बहिणीला दिवस गेले होते.

"त्या टेलरबाई लहान मुलांचे शिवतील का गं? माप कसं द्यायचं त्यांना?"

आईने पावशेरला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, तिचा ढेकर स्वतःच काढला आणि शांतपणे म्हणाली, "सेंटीमीटरमध्ये घ्यायचं. आणि ते त्यांना सांगायचं नाही."