अडीच अंश

फ्रिजचं दार उघडलं आणि मी पदर नाकाला लावला. काल डहाणूच्या बंदरावरून आणलेल्या सुरमईच्या तुकड्यांवर बुळबुळीत थर धरला होता. बोटानं दाबलं तर खड्डा तसाच राहिला. बोट दोनदा साबणानं धुतलं, तरी ते माझं वाटेना.

चारोटीला हायवेवर आमची खानावळ. दुपारी उधव्याहून वऱ्हाड जेवायला यायचं होतं, पोराबाळांसकट.

"मासळीला वास येणारच. गुलाब आहे का तो?" आमचे हे म्हणाले आणि त्यांनी मोबाइल पुढे केला. "बघ. रात्रभराची सरासरी अडीच अंश. यंत्र काय खोटं बोलतं?"

यंत्र आमच्या थोरल्यानं, प्रविणनं बसवलेलं. फ्रिज किती गार आहे ते मोजून मोबाइलवर पाठवायचं.

बारकी, आमची स्वयंपाकीण, रानशेतची. तिनं पातेल्यात डोकावून मान फिरवली. "मावशी, मी हे तळणार नाय."

"रात्री लाइट गेली होती ना रे?" मी प्रविणला विचारलं.

तो आकडे बघत गेला आणि त्याचा चेहरा उतरला. लाइट असली की यंत्र मिनिटाला एक नोंद करतं. गेली की सेल वाचवायला तासाला एकच. संध्याकाळचे पाच तास फ्रिज गार होता, त्याच्या तीनशे नोंदी. मग पहाटेपर्यंत सात तास तो तापत गेला, त्याच्या सात. सगळ्या सारख्याच धरून बेरीज केली होती आणि भागलं होतं.

"प्रत्येक आकडा किती वेळ टिकला त्यानं गुणायला हवं होतं, आई. तसं केलं तर चौदाच्या आसपास जातं."

म्हणजे तासभर गोड बोललात ते साठदा लिहायचं आणि तासभर भांडलात ते एकदा. पाहुण्यांपुढे हे आमच्या संसाराची सरासरी अशीच सांगतात.

"मग तसं करू नकोस," हे म्हणाले. "आलाय तो आकडा बरा आहे. बारके, लसूण दुप्पट घाल, तेल कडक तापव."

ज्यांच्या ताटात इतकी वर्षं मऊ घडीची पोळी वाढली, त्यांची मला मासळीपेक्षा जास्त शिसारी आली.

"शेट, पहिला तुकडा तुम्ही खावा," बारकी म्हणाली.

"माझा गुरुवार आहे."

प्रविण जमिनीकडे बघत राहिला. बापाची लाज वाटणारं पोर बघवत नाही. मी पातेलं उचललं, मागच्या खड्ड्यात उपडं केलं आणि वर फिनाइलची अख्खी बाटली ओतली.

"आता वऱ्हाडाला काय सांगणार?" मागून ह्यांचा आवाज आला.

"मासळी नासली म्हणून."

नवऱ्या मुलाच्या मामांना मीच फोन लावला. अंडाकरी मिळेल, चालत असेल तर या. मामांनी मला, खानावळीला आणि आमच्या खानदानाला शिव्या घातल्या. मी सगळ्या ऐकून घेतल्या. त्या सकाळी आमच्याकडे तेवढंच ताजं होतं.