बुंदीच्या पायऱ्या, गाज़ियाबादचं स्वयंपाकघर

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो, आणि वयोमानाने माझा जरा गोंधळ होतो. सांगताना कुठे चुकलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म मॉस्कोजवळच्या एका कारखान्यात झाला. अंगाने जड, आवाजाने दणकट. बटण दाबलं की असा 'खट्टाक्' आवाज होई की वळचणीची कबुतरं उडून जात. सूर्यकांतरावांनी मला चांदणी चौकातल्या एका गल्लीत विकत घेतलं आणि आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आणलं. पुढे एके दिवशी रेडिओने सांगितलं की माझा देश आता उरलेला नाही. आख्खा देश कसा नाहीसा होतो, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. सूर्यकांतरावांनी त्या दिवशीही नेहमीसारखी माझी काच पुसली. म्हटलं, असेल बुवा.

सूर्यकांतराव आणि त्यांच्या पत्नी कौशल्याताई, दोघंही दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत. सरकारी नोकरांना प्रवासाची सवलत मिळते, एलटीसी म्हणतात तिला. बाकीचे लोक त्या सवलतीवर देव बघायला जात, आम्ही दारं बघायला जात होतो. ओरछ्याची कडी पाहिली, मांडूची कमान पाहिली, कमानीतलं कोळ्याचं जाळंसुद्धा पाहिलं. गणपतीत आमचे फोटो मंडपाच्या कनातीला टाचले जात. शेजारी म्हणत, "वाह, क्या नज़र है!" नजर सूर्यकांतरावांची की माझी, हा माझा आणखी एक गोंधळ.

माझ्या पोटात कायम अंधार असतो, मित्रांनो. तिथे कुठला रोल घातला, हे मला दिसत नाही. त्यासाठी सूर्यकांतरावांचा एक नियम होता. संपलेला रोल ते उलटा गुंडाळत, फिल्मचं टोक डबीत पार आत जाईपर्यंत. त्या टोकाला ते जीभ म्हणत. जीभ आत तर रोल जेवलेला, जीभ बाहेर तर भुकेला.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात आम्ही बुंदीला गेलो. तिथली बावडी, म्हणजे पायऱ्यांची मोठी विहीर, सूर्यकांतरावांनी छत्तीस फोटोंत उतरवली. परतताना कोटा स्टेशनवर ते रोल गुंडाळत होते, तेवढ्यात गाडी आली. ते घाईने उठले. जीभ बाहेरच राहिली आणि तो रोल कोऱ्या रोलांच्या कप्प्यात गेला.

दिल्लीत आल्यावर महिनाभरात कौशल्याताई बसच्या पायरीवरून पडल्या. पाय प्लास्टरमध्ये. आणि नेमकं त्याच वेळी त्यांच्या ऑफिसच्या सोसायटीचं पत्र आलं. गाज़ियाबादेत घरं उभी राहत होती. कोणता मजला हवा, ते शुक्रवारपर्यंत सही करून कळवायचं होतं. सभासद कौशल्याताई, सही त्यांचीच. क्वार्टर निवृत्तीबरोबर सुटणार, तेव्हा जन्मात स्वतःचं घर होणार ते हे एकच.

"तू निजून राहा," सूर्यकांतराव म्हणाले. "मी जातो, सगळं फोटोत आणतो. बघ आणि सही कर."

"स्वयंपाकघर नीट आणा," कौशल्याताई म्हणाल्या. "कमानी नकोत."

रविवारी आम्ही तिसऱ्या मजल्यावर उभे होतो. ओल्या सिमेंटचा वास, न बसवलेल्या खिडक्या, सगळीकडून ऊन. सूर्यकांतराव हरखले. खट्टाक्, खट्टाक्. मला मात्र पोटात काहीतरी ओळखीचं सरकल्यासारखं वाटत होतं. पण सांगणार कसं? मला आवाज एकच आहे.

गुरुवारी मुनीरकाच्या स्टुडिओतून पाकीट आलं. कौशल्याताईंनी पहिला फोटो हातात घेतला.

"अहो, या स्वयंपाकघरात पायऱ्या कुठून आल्या?"

पायऱ्या खरंच होत्या. ओट्याच्या जागेवरून खाली, थेट काळ्या पाण्यात उतरणाऱ्या. भिंतीतून नक्षीचा खांब निघाला होता आणि न्हाणीघरात दगडी हत्ती उभा होता. मुलगी क्षिप्रा डोकावली आणि हसत सुटली. "बाबा, ये क्या है यार! आईला बाथरूममध्ये हत्ती दिलात?"

सूर्यकांतरावांनी कपाळाला हात लावला. "बुंदीचा रोल. एकावर एक उठलंय सगळं."

कौशल्याताई हसल्या नाहीत. त्या फोटोतल्या पायऱ्या बोटाने मोजत होत्या.

"हा मजला कितवा?"

"तिसरा. काय हवा आहे गं तिथे! उजेड तर असा..."

"लिफ्ट आहे?"

सूर्यकांतराव हळूच म्हणाले, "एवढ्याशा बिल्डिंगला लिफ्ट नसते."

"म्हणजे या बुंदीच्या पायऱ्या मी रोज चढायच्या. भाजीची पिशवी घेऊन, या पायाने." त्यांनी फोटो उलटा ठेवला. "घर बघायला गेलाच नव्हता तुम्ही. फोटो बघायला गेला होता. उद्या मी येते."

"आई, पागल झालीस का? प्लास्टर आहे!"

"प्लास्टर पायाला आहे, डोळ्यांना नाही."

शुक्रवारी सकाळी ऑटोत पाय आडवा टाकून त्या गाज़ियाबादला गेल्या. तिसऱ्या मजल्याकडे त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही. तळमजल्यावर शिरल्या, कुबडीने ओट्याची जागा मोजली, पाणी कुठून येणार ते मिस्त्रीला दोनदा विचारलं. उजेड थोडा होता, माझ्या काचेला तर पुरतही नव्हता. त्यांना पुरला. खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून त्यांनी 'तळमजला' असं लिहिलं आणि खाली सही केली.

सूर्यकांतराव मला गळ्यात अडकवून दारातच उभे होते. पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, "कौशल्या, काय काढू?"

"या खिडकीतून जे दिसतं ते."

दिसत होतं काय? सिमेंटच्या गोण्या, हातपंप आणि कुणाची तरी म्हैस. खट्टाक्. बुंदीची बावडी दुसऱ्यांदा गाठणं जमलं नाही, पण हा फोटो नीट आला. कनातीला तो कुणी टाचला नाही. कौशल्याताईंनी मात्र ऑफिसातल्या टेबलाच्या काचेखाली ठेवला, निवृत्तीपर्यंत. इतक्या कमानी आणल्या मी, इतक्या जाळ्या, आणि मान मिळाला म्हशीला! हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

आता मी त्याच तळमजल्यावरच्या कपाटात असतो. काचेवर बुरशीचे धागे पसरलेत, त्यामुळे उजेडसुद्धा मला धुक्यासारखा दिसतो. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी पडून असेल, तर मऊ फडक्याने त्याला पुसा, अधूनमधून हवा दाखवा. आणि कधी दुसऱ्या कुणासाठी काही बघायला निघालात, तर माझ्या भरवशावर जाऊ नका. मला कमान दिसते, उजेड दिसतो. कुणाचा पाय दुखतो ते दिसत नाही. ते ज्याचं त्याला विचारा, आणि जमलं तर त्यालाच सोबत घेऊन जा.