झऱ्यावरची बोलणी

साल पासष्ट. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर घाटावरून आलेल्या मजुरांनी पाड्याच्या खाली झोपड्या टाकल्या, तेव्हापासून झऱ्यावर रोज कुरबुर चालायची. वैशाखात पाणी आटलं आणि हंड्यावरून झालेल्या बाचाबाचीत पाड्यातल्या चिंतूनं बन्सी नावाच्या मजुराच्या डोक्यात काठी घातली. बन्सी बेशुद्ध पडला. त्याच्या भावाचा, खंडेरावाचा, निरोप आला: दुपारपर्यंत चिंतूला आमच्या हवाली करा, नाहीतर पाडा पेटवतो.

पाड्याच्या वतीनं बोलायचं काम भिकाचं. चिंतू त्याचा सख्खा भाचा. तो निघायच्या आतच शेजारच्या पाड्याचा जिवल्या वीस माणसं आणि तीरकामठे घेऊन हजर झाला.

"बोलतोस काय त्यांच्याशी? आदी आपुनच घाला घालू."

"आज घातलास, तर उद्या त्यांचे आनिक शंबर येतील. मी परत येईतवर बानाला हात लावू नका."

"आनि नाय आलास तर?"

भिकानं कमरेचा कोयता काढून बायकोकडे, ठकीकडे दिला आणि उतार धरला. खाली चाळीसएक माणसं पहारी घेऊन उभी.

"पोरगं कुठंय?" खंडेराव ओरडला.

"नाय आनला." भिका म्हणाला. "चूक त्याचीच हाय. पन त्याला दिला तर तुमी मारून टाकाल, मंग आमची मानसं तुमच्यावर येतील. त्याच्या बदली मी बसतो. बन्सी उठला नाय, तर माजं काय करायचं ते करा."

मागून कुणीतरी त्याला ढकललं. तेवढ्यात बन्सीची आई, साखरबाई, पुढे झाली. "बसू द्या त्याला. माझ्या लेकाच्या उशाशी."

भिका बसला. बन्सीच्या डोक्यावरची चिंधी लालभडक झाली होती. त्याचा श्वास मध्येच अडकला, की भिकाचाही अडकायचा. बाहेर पहार आपटली की तो दचकायचा. झोपडीच्या दारातून वर करवंदीच्या जाळीत जिवल्याची माणसं हलताना दिसत होती. त्यांतल्या एकाचाही बाण सुटला, तर पहिली पहार आपल्याच डोक्यात बसणार. भीतीनं त्याची लंगोटी ओली झाली. साखरबाईनं ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

ऊन कललं तेव्हा बन्सीनं डोळे उघडले. पाणी मागितलं.

मग बोलणी झाली. सकाळचं पाणी पाड्याचं, दुपारनंतरचं मजुरांचं. चिंतूनं वर्षभर इथं तोंड दाखवायचं नाही. त्याला सातपाटीला मासेमारीच्या होड्यांवर धाडायचं. भिकानं मान डोलावली.

जिवल्या वाटेतच भेटला. "आपल्याच पोराला हाकललास," एवढंच म्हणाला आणि माणसं घेऊन निघून गेला. दरसाल भाताच्या लावणीला मदतीला येणारं त्याच्या पाड्यातलं कुणी त्या पावसात आलं नाही. भिका आणि ठकी, दोघांनीच चिखलात वाकून भात लावलं.