प्लॅस्टिकमधलं मृत्युपत्र

"हे प्लॅस्टिक काढून आणा," कोर्टातला कारकून म्हणाला आणि त्यानं मृत्युपत्र सत्यशीलाकडे परत सरकवलं.

तिच्या वडिलांना, दत्तप्रसादांना, लॅमिनेशनचं वेडच होतं. रेशन कार्ड, विजेची पहिली पावती, सोसायटीच्या बागेतली 'फुले तोडू नयेत, बाजारात मिळतात' ही पाटी, सगळं त्यांनी प्लॅस्टिकमध्ये घातलं होतं. मृत्युपत्रही सुटलं नाही. बिबवेवाडीचा फ्लॅट मुलीला, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पण सोसायटीचे सेक्रेटरी बद्रीनाथ नियमाचे पक्के. मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं प्रमाणपत्र, म्हणजे प्रोबेट आणा, मगच नाव लावू. जुनी इमारत पाडून नवी व्हायची होती. करारावर सह्या करणाऱ्यांची यादी फलकावर लागली, त्यात सत्यशीलाच्या फ्लॅटपुढची जागा कोरी होती.

प्लॅस्टिक काढलं तर शाई निघेल, असं तीन दुकानदारांनी सांगितलं. तिची वकील उत्कर्षा हिनं तसं प्रतिज्ञापत्र दिलं. ते दाखल होण्यात दोन महिने गेले. मग नोटीस निघाली आणि हिंजवडीतल्या धाकट्या भावाची, दिग्विजयची, हरकत आली. फ्लॅटची ओळ सहीच्या अगदी वर दाटीवाटीनं लिहिली आहे, ती मागाहून घुसवली असावी, असं त्याचं म्हणणं.

पुढं नुसत्या तारखा. एकदा न्यायाधीश रजेवर, एकदा त्यांची बदली, एकदा कुणा ज्येष्ठ वकिलाच्या निधनामुळे कामकाज बंद. सव्वा वर्ष गेलं. लिफ्टमध्ये बद्रीनाथ भेटले की हमखास विचारायचे, "काय ताई, लागला का निकाल?"

"लागला की पेढे वाटीन. तुम्हाला सोडून सगळ्यांना."

दोन साक्षीदारांपैकी एक वारले होते. उरले युसूफभाई. नारायण पेठेत त्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं. आता वय ऐंशीला टेकलेलं. प्रत्येक तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून यायचे आणि तसेच परत जायचे. चौथ्यांदा असंच झालं तेव्हा कोर्टाच्या जिन्यात सत्यशीलाचा संयम सुटला.

"युसूफभाई, हे लॅमिनेशन तुम्हीच केलंत ना? मृत्युपत्राला कुणी करतं का हो असलं?"

"मी म्हटलं होतं, साहेब, राहू द्या. ऐकतील तर ते तुमचे वडील कसले! म्हणाले, 'युसूफ, सह्या झाल्या ना? आता माझ्यासमोर मशीनमध्ये घाल. माझी पोरं हुशार आहेत, मागाहून एक अक्षर शिरायला नको.' शाई वाळायला लागला तेवढाच वेळ."

पोरं म्हणजे त्यात सत्यशीलाही आलीच.

उत्कर्षा दोन पायऱ्या उतरली होती, ती तशीच वर आली. "काका, हे इतके दिवस बोलला का नाहीत?"

"विचारलं कुणी? तुम्ही म्हणालात, फक्त सही ओळखायची."

पाचव्या तारखेला एकदाची साक्ष झाली. दिग्विजयच्या वकिलांनी विचारलं, "प्लॅस्टिक काढून, ओळ लिहून, पुन्हा घालता येतं की नाही?"

"काढून दाखवा," युसूफभाई म्हणाले. "चाळीस वर्षं हेच केलंय. प्लॅस्टिकबरोबर अक्षरं येतात. आणि ती ओळ दाटीनं आहे, कारण कागद संपला होता. मी दुसरा देत होतो, तर म्हणाले, कशाला नासतोस."

न्यायाधीशांनी मृत्युपत्र उजेडाकडे धरून दोनदा पाहिलं. नंतर कारकून त्यावर पुरावा म्हणून दाखल केल्याचा शिक्का मारायला गेला. शिक्का उमटेना, बोटाला निळी शाई लागली. "साहेब, हे प्लॅस्टिक..."

"चिठ्ठी चिकटवा, शिक्का तिच्यावर मारा," न्यायाधीश म्हणाले. निकालाची तारीख मिळाली, सात आठवड्यांनंतरची.

संध्याकाळी बद्रीनाथ फलकापाशीच उभे होते. "काय ताई?"

"साक्ष झाली. निकाल सात आठवड्यांनी."

"म्हणजे अजून नाहीच!"

"नाहीच," सत्यशीला म्हणाली. तिनं यादीतल्या त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "ही अशीच राहू द्या. आणि यादी एवढ्यात लॅमिनेट करू नका."